मेक्सिकोत विद्यापीठाची टीम ७ वेळा देशाची चॅम्पियन झाली. मग पुण्यात कुठं अडतंय?

संध्याकाळी सहा-साडेसहानंतर वाघोलीत एखाद्या टर्फवर डोकावलं तर दृश्य ठरलेलं असतं. दहा-बारा पोरं, कुणाच्या अंगावर मेस्सीचा १० नंबर, कुणाच्या अंगावर रोनाल्डोचा ७. तासाचं भाडं वर्गणी काढून भरलेलं. घड्याळावर नजर ठेवत गेम चालतो, कारण पुढचा ग्रुप गेटवर येऊन थांबलेला असतो. बहुतेक जण आसपासच्या इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट कॉलेजचे, हॉस्टेलला किंवा पीजीत राहणारे. कुणी मराठवाड्यातून आलेला, कुणी कोल्हापूरचा, कुणी थेट मणिपूरचा.

२०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत आली. एकेकाळी दगडखाणींसाठी ओळखलं जाणारं हे गाव आता कॉलेजांचं गाव झालंय. म्हणजे १८ ते २२ वयाची हजारो पोरं एका जागी. फुटबॉल टीम बांधायला याच्याहून चांगली जागा कोणती?

पण विद्यापीठाच्या फुटबॉल टीमनं अमुक कप जिंकला अशी बातमी पुण्यात शेवटची कधी वाचली, असं यातल्या कुणालाही विचारा. उत्तर मिळणार नाही. आपल्या विद्यापीठाची टीम असते हेच अनेकांना माहीत नसतं.

जगात असे देश आहेत जिथं विद्यापीठाची टीम नुसती विद्यापीठांची स्पर्धा जिंकत नाही, तर देशाची लीग जिंकते. व्यावसायिक क्लबांना हरवून. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव मेक्सिकोचं आहे.

प्युमास : विद्यापीठाच्या नावाचा क्लब

मेक्सिको सिटीतलं 'उनाम' हे लॅटिन अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठांपैकी एक. तीन लाखांहून जास्त विद्यार्थी. १९५४ साली या विद्यापीठाच्या नावानं एक व्यावसायिक फुटबॉल क्लब सुरू झाला, त्याचं लाडकं नाव प्युमास. सुरुवात खालच्या डिव्हिजनमधून झाली आणि १९६२ मध्ये टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचली. पुढची पंधरा वर्षं कपाटात लीगचा एकही कप नव्हता.

मग १९७६-७७ चा हंगाम आला. प्युमास फायनलला पोचली आणि समोर होती ग्वादलाहारा विद्यापीठाची टीम. देशाच्या सगळ्यात मोठ्या लीगची फायनल, आणि दोन्ही बाजूंना विद्यापीठं! पहिला सामना ०-० सुटला, दुसऱ्यात ब्राझिलियन स्ट्रायकर काबिन्योच्या एका गोलवर प्युमास पहिल्यांदा चॅम्पियन झाली. पुढच्या वर्षी परत तेच. फायनलला प्युमास आणि समोर तिग्रेस, म्हणजे मोंतेरेच्या नुएवो लेऑन विद्यापीठाचं नाव लावणारा क्लब. या वेळी तिग्रेस जिंकली. सलग दोन वर्षं मेक्सिकोचा चॅम्पियन आणि उपविजेता, चारही जागा विद्यापीठांच्या नावावर.

हे घडलं त्यामागचं कारण सांगायला एका पोराची गोष्ट पुरते. १९७६ मध्ये प्युमासकडून एक अठरा वर्षांचा पोरगा खेळायला लागला. त्याच वर्षी तो मेक्सिकोकडून माँट्रिअल ऑलिम्पिकलाही गेला. पोरगा सकाळी दातांच्या डॉक्टरकीचा अभ्यास करायचा आणि उरलेल्या वेळात गोल मारायचा. त्याचं नाव ह्यूगो सांचेझ. त्यानं डेंटिस्टची पदवी घेतलीच, आणि पुढं स्पेनला जाऊन पाच वेळा तिथल्या लीगचा सर्वाधिक गोल मारणारा खेळाडू ठरला. त्यातली बहुतेक वर्षं रियल माद्रिदच्या जर्सीत.

१९८०-८१ मध्ये प्युमासनं दुसरी लीग जिंकली, तीही क्रूझ अझुलला दुसऱ्या सामन्यात ४-१ असं धुऊन. कोच होते बोरा मिलुतिनोविच, जे आधी याच क्लबकडून खेळले होते आणि पुढं पाच वेगवेगळ्या देशांचे कोच म्हणून विश्वचषकाला गेले. सांचेझचा तो प्युमासकडून शेवटचा हंगाम.

तिसरं विजेतेपद १९९०-९१ चं. समोर क्लब अमेरिका, म्हणजे टीव्ही कंपनीच्या पैशावर उभा असलेला, मेक्सिकोतला सगळ्यात श्रीमंत आणि त्यामुळंच सगळ्यात जास्त शिव्या खाणारा क्लब. दोन सामने मिळून ३-३ बरोबरी झाली आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलच्या नियमानं प्युमास जिंकली. दुसऱ्या सामन्यात तुका फेरेत्तीनं फ्री किकवर मारलेला गोल तिथं आजही दाखवतात. त्या टीमचे कोच मिगेल मेहिया बारोन. तेही याच विद्यापीठात शिकलेले, आणि तेही डेंटिस्ट! दातांच्या डॉक्टरांनी इतके कप जिंकून दिलेला दुसरा क्लब शोधून सापडणार नाही.

२००४ मध्ये मेक्सिकोची लीग वर्षात दोनदा भरायला लागली होती. कोच म्हणून ह्यूगो सांचेझ परत आला आणि त्या वर्षातल्या दोन्ही लीग प्युमासनं जिंकल्या. छोट्या हंगामांच्या पद्धतीत लागोपाठ दोन कप घेणारी ती पहिली टीम. मधल्या काळात ऑगस्टमध्ये बर्नाबेऊ स्टेडियमवर मैत्रीपूर्ण सामन्यात त्यांनी रियल माद्रिदला १-० हरवलं, ते वेगळंच. त्यानंतर २००९ आणि २०११ अशी आणखी दोन विजेतेपदं. एकूण सात.

आता यातली एक गोष्ट सरळ सांगायला पाहिजे. प्युमासचे सगळे खेळाडू विद्यार्थी नसतात. काबिन्यो आणि फेरेत्ती दोघंही ब्राझीलमधून आलेले पगारी खेळाडू होते. क्लब चालवते ती विद्यापीठाशी जोडलेली एक बिगर-नफा संस्था. त्यामुळं 'विद्यापीठाची टीम' म्हणजे बीकॉमच्या वर्गातली अकरा पोरं असं चित्र डोळ्यांपुढं आणू नका. पण स्टेडियम विद्यापीठाच्या आवारात आहे, तेच जिथं १९६८ चं ऑलिम्पिक झालं. आणि क्लबची ओळख विकत घेतलेल्या स्टारपेक्षा घरच्या पोरांवर जास्त टिकून राहिली. गोलकीपर होर्हे काम्पोस, त्याच्या त्या भडक रंगांच्या जर्सी ज्यांना नव्वदच्या दशकातल्या विश्वचषकातून आठवत असतील, तोही इथूनच वर आला.

याच गोष्टीची दुसरी बाजू तिग्रेसची. १९९६ पासून तो क्लब चालवायला सिमेंट कंपनी 'सेमेक्स'चा पैसा आला. नाव विद्यापीठाचंच राहिलं, पण महागडे परदेशी खेळाडू आले, फ्रान्सचा जिन्याक आला, लीगचे कप आले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिग्रेस क्लब विश्वचषकाच्या फायनलला बायर्न म्युनिकसमोर उभी राहिली. हरली, पण ०-१ असं. प्युमासला मात्र २०११ नंतर लीग जिंकता आलेली नाही. २०१५ ची फायनल ती हरली तीसुद्धा तिग्रेसकडूनच, पेनल्टीवर. घरची पोरं तयार करणारी टीम की पैसे ओतून बांधलेली टीम, हा वाद मेक्सिकोत दर मोसमात नव्यानं होतो. २०२६ च्या विश्वचषकाच्या सलामीच्या सामन्याचं यजमानपद याच शहराकडं असल्यानं घरची पोरं गेली कुठं हा प्रश्न तिथं आणखी जोरात विचारला जातो.

तसं पाहिलं तर विद्यापीठाच्या टीमनं मोठा कप जिंकण्याची गोष्ट फुटबॉलइतकीच जुनी आहे. जगातली सगळ्यात जुनी स्पर्धा एफए कप. १८७४ मध्ये ती ऑक्सफर्ड विद्यापीठानं जिंकली, लंडनच्या ओव्हल मैदानावर रॉयल इंजिनिअर्सला २-० हरवून. (याच रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी पुढं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये नेमले जायचे, एवढाच काय तो पुण्याचा संबंध.) त्या फायनलमध्ये रॉसन आडनावाचे दोन सख्खे भाऊ होते, एक ऑक्सफर्डकडून आणि दुसरा इंजिनिअर्सकडून. १८८५ मध्ये इंग्लंडनं पगारी खेळाडूंना परवानगी दिली आणि हौशी विद्यापीठांचा जमाना संपला. ऑक्सफर्डनं परत कधी तो कप जिंकला नाही.

भारतात हे मलप्पुरमला जमलं

मेक्सिकोसारखं भारतात होणं अवघड आहे, कारण इथं विद्यापीठाची टीम लीगमध्ये उतरतच नाही. इथं विद्यापीठं एकमेकांशी खेळतात, भारतीय विद्यापीठ संघ म्हणजे एआययूच्या स्पर्धेत. पुरुषांच्या फुटबॉलची ट्रॉफी कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाची आहे. आधी विभागवार सामने होतात, महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो, आणि तिथून निवडक टीम अखिल भारतीय फेरीला जातात.

या ट्रॉफीच्या बातम्यांत एक नाव परत परत येतं, केरळचं कालिकत विद्यापीठ. १९६८ ला स्थापन झालेलं, आणि नाव कालिकत असलं तरी त्याचं आवार आहे मलप्पुरम जिल्ह्यात, तेन्हिपलमला. मलप्पुरम म्हणजे जिथं भात काढून झाला की मोकळ्या शेतात 'सेव्हन्स' सुरू होतं. एका बाजूला सात खेळाडू, बांबूच्या गॅलऱ्या, तिकीट काढून येणारे हजारो प्रेक्षक. आपल्याकडं जत्रेतल्या कुस्त्यांना जसं गाव लोटतं, तसं.

फक्त वेड असून भागत नाही. वेड कोल्हापूरलाही आहे. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमवर काय होतं हे सांगायची गरज नाही. कालिकतचं वेगळेपण असं की तिथं या वेडाला कॉलेजांनी पकडलं. पोरगा सेव्हन्समध्ये चमकला की कॉलेज त्याला स्पोर्ट्स कोट्यात उचलतं, कॉलेजातून तो विद्यापीठाच्या टीममध्ये जातो, तिथून राज्याच्या.

याचा पुरावा संतोष ट्रॉफीत दिसतो. १ एप्रिल २०१८ ला केरळनं कोलकात्यात, साल्ट लेक स्टेडियमवर, बंगालला पेनल्टीवर हरवून ही ट्रॉफी जिंकली. त्या टीमचे कोच सतीवन बालन, म्हणजे कालिकत विद्यापीठाचे कोच. राज्यानं विद्यापीठाच्या माणसाच्या हातात टीम दिली. २०२२ ला मलप्पुरममधल्याच मंजेरीला सेमीफायनल झाली. अर्ध्या तासाच्या सुमारास जेसिन टी. के. नावाचा एक पोरगा बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्यानं कर्नाटकवर एकट्यानं पाच गोल मारले. केरळ ७-३ जिंकलं, मग फायनलला परत बंगालला पेनल्टीवर हरवलं. जेसिन जवळच्याच मंपाड गावातल्या एमईएस कॉलेजचा.

केरळनं संतोष ट्रॉफी सात वेळा घेतलीय. महाराष्ट्रानं चार वेळा, आणि शेवटची १९९९-२००० ला. त्यानंतर २०१६ मध्ये नागपूरला घरच्या मैदानावर फायनल गाठली, पण सेनादलाकडून १-२ अशी हार झाली.

एकाच रस्त्यावर दोन विद्यापीठं

आता वाघोलीकडं परत येऊ.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांत आहे. शेकडो कॉलेजं. कागदावर पाहिलं तर खेळाडू निवडायला एवढा मोठा साठा देशात फार थोड्या विद्यापीठांकडं असेल. खेळात हे विद्यापीठ कच्चंही नाही. २०२० च्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत पदकतक्त्यात ते पंजाब विद्यापीठाच्या मागोमाग दुसरं आलं होतं. दोघांची सुवर्णपदकं सारखीच होती, १७.

पण खेलोतली पदकं प्रामुख्यानं वैयक्तिक खेळांतून वाढतात. धावणारा, पोहणारा, कुस्ती खेळणारा स्वतःच्या कोचकडं वर्षभर सराव करतो आणि स्पर्धेपुरती विद्यापीठाची जर्सी घालतो. फुटबॉलमध्ये ते चालत नाही. अकरा जणांना एकमेकांच्या धावा पाठ व्हायला महिने लागतात. आपल्याकडची पद्धत अशी की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यातून निवड होते, थोड्या दिवसांचं शिबिर लागतं आणि टीम रेल्वेत बसते. स्पर्धा संपली की टीमही संपते. पुढच्या वर्षी अर्धे खेळाडू पास होऊन गेलेले असतात, उरलेल्यांची सेमिस्टर परीक्षा स्पर्धेच्या तारखांवर आलेली असते.

यात गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट झाली, तिची चर्चा फार होत नाही. एआययूच्या नियमात प्रत्येक विद्यापीठ म्हणजे एक टीम. राज्यात खासगी विद्यापीठं वाढली तशा टीमही वाढल्या. वाघोलीतच बघा. इथं पुणे विद्यापीठाला जोडलेली कॉलेजंही आहेत आणि जेएसपीएमसारखं स्वतंत्र खासगी विद्यापीठही. संध्याकाळी एका टर्फवर एकमेकांना पास देणारे दोन दोस्त पश्चिम विभागाच्या स्पर्धेत वेगवेगळ्या विद्यापीठांचे खेळाडू असतात. एकत्र ते कधीच खेळणार नाहीत. पूर्वी ज्या साठ्यातून एक भक्कम टीम निघाली असती, त्यातून आता तीन-चार मध्यम टीम निघतात आणि त्या पहिल्या-दुसऱ्या फेरीत एकमेकींनाच बाहेर काढू शकतात.

खासगी विद्यापीठांना याचा फायदाही घेता येईल. त्यांच्याकडं पैसा आहे, जमीन आहे आणि फी माफ करून खेळाडू आणायचे अधिकार आहेत. बंगळुरूच्या जैन विद्यापीठानं हेच केलं आणि पुढच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत पहिला नंबर घेतला. पुण्याच्या आसपास असं करायचं तर फुटबॉलवर वर्षानुवर्षं खर्च करावा लागेल, आणि प्रवेशाच्या जाहिरातीत प्लेसमेंटचा आकडा जितका खपतो तितका पश्चिम विभागाचा उपविजेता खपत नाही, हे संस्थाचालकांना चांगलं कळतं.

मलप्पुरमची पोरं पुण्यात शिकली

गंमत म्हणजे एक काळ असा होता की मलप्पुरमची पोरं फुटबॉलर व्हायला पुण्याला यायची.

२००७ ला पिरामल समूहानं पुणे एफसी काढला. २००९-१० ला हा क्लब आय-लीगमध्ये तिसरा आला, २०१२-१३ ला दुसरा. त्यांच्या बचावफळीत मलप्पुरमच्या कोंडोट्टीचा अनस एडाथोडिका होता. तो त्याआधी मुंबई एफसीकडून खेळायचा, आणि २०१७ ला तिशीत भारताकडून पहिला सामना खेळला. पुणे एफसीच्या अकादमीत २०१४ ला मलप्पुरमचाच आशिक कुरुनियन आला. पुढं एफसी पुणे सिटीनं त्याला स्पेनला व्हियारियालच्या तिसऱ्या टीमकडं पाठवलं, परत आला तो थेट आयएसएलमध्ये आणि मग भारतीय टीममध्ये. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ ला भारताकडून १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला.

म्हणजे पुण्याला खेळाडू घडवता येत नाहीत असं म्हणायला जागाच नाही.

मग एकेक दार बंद झालं. २०१५ ला पिरामलांनी पुणे एफसीतून अंग काढून घेतलं. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीग खेळून थांबला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ ला आयएसएलच्या सेमीफायनलला गेला होता, २०१९ ला तोही गुंडाळला गेला. पाच वर्षांत तीन क्लब. विद्यापीठाकडून चांगला खेळलेल्या पोराला वर चढायला जी पायरी होती, तीच शहरातून गेली.

केरळमध्ये याच काळात उलटं झालं. गोकुलम केरळनं २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोनदा आय-लीग जिंकली. २०२४ ला सहा टीमची सुपर लीग केरळ सुरू झाली. कॉलेज संपवून बाहेर पडणाऱ्या पोराला पगार देणाऱ्या जागा वाढल्या. म्हणून तिथला बाप पोराला विद्यापीठाच्या ट्रायलला पाठवताना फार विचार करत नाही. इथल्या बापाच्या डोक्यात हिशोब सोपा असतो. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण मिळालं तर मिळालं, नाहीतर डिग्री हातात पाहिजे.

देशपातळीवरही दिवस बरे नाहीत. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा नवा हंगाम थांबवून ठेवल्याचं जाहीर झालं, कारण लीग चालवण्याच्या हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखल्याच्या बातम्या आल्या. दुसरीकडं डिसेंबरमध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, आणि राज्य सरकारनं १३ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 'महादेवा' ही फुटबॉल योजना पुढं केली. लहान वयात पोरं शोधायची कल्पना योग्यच आहे. पण ही पोरं १७-१८ ची होतील तेव्हा तीही कुठल्या ना कुठल्या कॉलेजात प्रवेश घेतील. एआययूच्या स्पर्धेसाठी वयाची अट १७ ते २५ आहे. फुटबॉलर घडतो किंवा सुटतो तो नेमका याच आठ वर्षांत, आणि या आठ वर्षांसाठी अशी कुठली योजना पुण्यात दिसत नाही.

एफसी पुणे सिटी बंद झाल्यावर आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. तीन वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, गोव्याच्या फातोर्डा स्टेडियमवर हैदराबादनं केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवलं आणि लीगचा कप उचलला. त्या हंगामात हैदराबादच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.